झॅम्पवाले डेव्हलपर नव्हेत म्हणे

कळवा_कारशेड
काल इथे एकाने ज्ञान पाजळलं: "अजून झॅम्प टाकून पीएचपी शिकवणाऱ्यांनी क्लास बंद करावेत. पहिल्या दिवसापासून डॉकरच हवं." (झॅम्प म्हणजे आपल्या मशीनवर एकदम बसणारे अपाचे वेब सर्व्हर, डेटाबेस आणि वेबसाइटची भाषा पीएचपी. डॉकर म्हणजे हेच सगळं वेगळ्या बंद डब्यात चालवायचं.) मी संध्याकाळी कुर्ल्यात बीएससी आयटीच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे हे मलाच होतं असं धरून चालतो.

साहेब, आमच्या पोरांकडे मोठ्या भावाचा ८ जीबीवाला लॅपटॉप असतो. विंडोजवर डॉकर सहसा ज्यावर चालतं ते डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आतलं लिनक्स) डीफॉल्टला त्यातली निम्मी रॅम घेऊ शकतं. उरलेल्यात क्रोम आणि व्हीएस कोड बसवा. फॉर्म सबमिट केला की टेबलात ओळ पडते, एवढंच बघायला पोरगं आलेलं असतं. त्याला आधी बायोसमध्ये, मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, पाठवू? झॅम्पमध्ये एचटीडॉक्स फोल्डरला फाइल टाकली की पान दिसतं. पोर्ट ८० (सर्व्हरचा दरवाजा नंबर) विंडोजच्या आयआयएस सर्व्हरने अडवलं असेल तर अपाचेच्या सेटिंगमध्ये 'लिसन ८०' चं ८०८० करायचं, विषय संपला. शिवाय पोर्ट काय असतं ते पोराला तिथेच कळतं. तुमची डॉकरच्या सेटिंगची तयार कंपोज फाइल चिकटवून काय कळतं? यूट्यूबवाल्याचा आवाज?

ऐरोली_नाइटशिफ्ट
ती पोस्ट माझी, आणि शब्द मागे घेणार नाही. झॅम्पची ८.२.१२ आवृत्ती २०२३ ची. आतला डेटाबेस मारियाडीबी १०.४, त्याचा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला. रूटला, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य युजरला, पासवर्ड नाही. हे तुम्ही 'सोपं' म्हणून शिकवता.

आमच्याकडे असाच एक क्लासचा विद्यार्थी आला. फाइलच्या नावात एच कॅपिटल, ती फाइल जोडणाऱ्या इन्क्लूडच्या ओळीत स्मॉल. विंडोजला चालतं, म्हणून त्याच्या मशीनवर सगळं गुळगुळीत. शुक्रवारी संध्याकाळी लाइव्हला, म्हणजे लिनक्सवर, चढवलं, तिथे कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतात, आणि पान पांढरंफटक. क्लायंटचा फोन मला, ठाणे-वाशी गाडीत लटकलेला असताना. पोराचं उत्तर एकच: "सर, माझ्याकडे चालतंय." लोकल, म्हणजे आपल्या मशीनवरचा, सर्व्हर लाइव्हसारखा नसेल तर तो लावायचा कशाला?

पोर्ट_८०८०
तुम्हा पीएचपीवाल्यांचं निदान पान तरी दिसतं. आमच्या पुतणीच्या कॉलेजात टॉमकॅट ९ (जावाचा सर्व्हर) ची प्रॅक्टिकलं, घरी तिने १० टाकला. १० मध्ये कोडातल्या पॅकेजचं नाव जावाएक्सचं जकार्ता झालंय हे जर्नलमध्ये कोण लिहिणार? सर्व्हर सुरू, टॉमकॅटचं मांजर दिसतंय, तिचा सर्व्हलेट (जावा प्रोग्राम) मात्र चालत नाही. रात्री तिने मला उठवलं. सिलॅबस कमिटीला कोण उठवणार?

मुलुंड_ईस्ट
कळवा सर, झॅम्प सोपं असतं ते डेटाबेस बंद पडल्याची 'मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली' ही लाल ओळ येईपर्यंतच. मग तुमचीच पोरं बॅकअप फोल्डर डेटा फोल्डरवर डकवतात, आयबीडेटा१ ही डेटाबेसची मुख्य फाइल जुन्या फोल्डरमधून परत आणायची विसरतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री टेबलं गायब.

कळवा_कारशेड
आणि तुमची पोरं डॉकर बंद करताना 'कंपोज डाउन' ला '-व्ही' लावून अख्खा व्हॉल्यूम (डेटाचा साठा) उडवतात. डेटा दोन्हीकडे जातो, मॅडम. तुमच्याकडे इंग्रजी चांगलं ऐकू येतं, एवढाच फरक.

सचिव_दादरकर
मंडळी, थोडं वेगळं विचारतो. आमच्या सोसायटीची सभासद यादी एका मुलाने मराठीत करून दिली. क्रम लावला तर क्षीरसागर कोरगावकरांच्या खाली आणि खऱ्यांच्या वर! शाळेत क्ष, ज्ञ शेवटी शिकलो. क्षीरसागर आजोबा दर सभेत विचारतात. हे झॅम्पमुळे होतं का?

पोर्ट_८०८०
काका, युनिकोडमध्ये, कॉम्प्युटरच्या अक्षरयादीत, क्ष वेगळं अक्षरच नाही. क, हलन्त, ष. म्हणून तो क मध्येच बसणार.

सचिव_दादरकर
म्हणजे आम्ही वर्णमाला बदलायची?

मुलुंड_ईस्ट
काका, मुलाने लांबी मोजायला पीएचपीचं 'एसटीआरलेन' वापरलं नाही ना तेही बघा. ते अक्षरं नाही, बाइट मोजतं, आणि मराठीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मुंबई' ची लांबी १५ सांगतं. आमच्या पावतीवर नाव कापलं गेलं ते मधल्या बाइटवर, पुढे काळा चौकोन. महिनाभर प्रिंटरला शिव्या घातल्या.

ऐरोली_नाइटशिफ्ट
हे धाग्याबाहेरचं आहे. मराठी यादी एक्सेलमध्ये करा.

सचिव_दादरकर
एक्सेलमध्ये करायची तर तुमचे सर्व्हर कशाला, हे तुम्हीच वर विचारलं होतं. मराठी आली की धाग्याबाहेर! बँकेच्या मशीनवरही हेच ऐकतो.

कळवा_कारशेड
काका, यांचं मनावर घेऊ नका. यांच्या लाइव्हला मराठी नावं येतच नसतील. जुन्या होस्टिंगवर मायएसक्यूएल ५.७ असेल तर डीफॉल्ट लॅटिन१, म्हणजे मराठी नसलेली अक्षरयादी, तिथे क्षीरसागर आजोबा नुसते प्रश्नचिन्हांची रांग होऊ शकले असते. तेव्हा रांगेत कुठेही असोत, दिसतायत हे नशीब.

ऐरोली_नाइटशिफ्ट
वैयक्तिक जाऊ नका. आणि आता जे बोललात तो माझाच मुद्दा आहे. लोकलला यूटीएफ८एमबी४ (यात मराठी बसते), लाइव्हला लॅटिन१. डॉकरमध्ये ५.७ चीच इमेज (तयार डबा) उचलली असती तर हा घोळ घरीच दिसला असता.

कळवा_कारशेड
बरं, हे एक तुमचं. नोकरीला लागलेल्याने डॉकर लावावं, मी कुठे अडवलंय? पहिला महिना माझा, पुढचा जन्म तुमचा.

पोर्ट_८०८०
काका, उत्तर आहे. डेटाबेसला क्रम लावू देऊ नका, पीएचपीत कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारा) घ्या, लोकेल 'एमआर_आयएन', म्हणजे भारतातली मराठी. ळ, क्ष, ज्ञ तिन्ही ह नंतर जातात. त्यासाठी पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन (जोडभाग) लागेल.

मुलुंड_ईस्ट
डॉकरच्या अधिकृत पीएचपी इमेजमध्ये इंटल नसतं. आधी लिबआयसीयू-डेव्ह ही लायब्ररी, मग इंटल इन्स्टॉल, मग इमेज पुन्हा बिल्ड.

कळवा_कारशेड
झॅम्पमध्ये पीएचपी.आयएनआय या सेटिंगच्या फाइलमधल्या इंटलच्या ओळीपुढचा अर्धविराम काढायचा आणि अपाचे रीस्टार्ट करायचं. सहज सांगितलं.

ऐरोली_नाइटशिफ्ट
आणि लाइव्हवर तो अर्धविराम कोण काढणार?

सचिव_दादरकर
आमच्याकडे लाइव्ह वगैरे नाही. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर आहे, वॉचमनकडे पासवर्ड असतो. कळवा सर, रविवारी दादरला आलात तर तो अर्धविराम तुम्हीच काढून द्या. यादी जनरल बॉडीच्या आधी छापायची आहे. आणि क्षीरसागर आता शेवटी गेले की त्यांच्याही खाली गेलेले ज्ञातेकाका तक्रार करणार, ते कसं थांबवायचं तेही सांगा.