प्रत्येक स्ट्रिंगला लॉक? कशासाठी?

खडूस_कोडर: 'रुबी भाषेतला जीव्हीएल (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे समांतर कामाला, चालू देणारं मोठं लॉक) काढा, प्रत्येक स्ट्रिंगला (मजकुराच्या तुकड्याला) आपापलं लॉक द्या, विषय संपला,' अशी पोस्ट वाचली आणि डोकं सणकलं. `<<` ला (शेवटी मजकूर जोडणाऱ्या क्रियेला) लॉक लावाल हो, पण 'रिकामी आहे का बघ' आणि 'मग जोड' हे दोन वेगळे कॉल. मधल्या फटीत दुसरा थ्रेड घुसणारच. जावाने स्ट्रिंगबफरची प्रत्येक मेथड सिंक्रोनाइज्ड (लॉकबंद) करून पाहिली, शेवटी 2004 मध्ये जावा 5 सोबत बिनलॉकचा स्ट्रिंगबिल्डर आणावाच लागला. स्ट्रिंग बदलताच येऊ नये, पायथनसारखी.

सेगफॉल्ट: ती पोस्ट नीट न वाचता तावातावाने लिहिलंय. प्रश्न लॉजिकचा नाही, मेमरीचा आहे. एक थ्रेड जोडतोय, जागा पुरेना म्हणून रीअ‍ॅलॉक झालं (नवी मोठी जागा घेतली), जुना बफर फ्री. दुसरा अजून त्याच जुन्या पत्त्यावरून वाचतोय. स्क्रिप्ट गंडली तर उत्तर चुकू दे, अख्खी प्रोसेस का मरावी?
आणि पायथनचं सोवळं सांगूच नका. रेफरन्स काउंट (स्ट्रिंग किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) एक असला की सीपायथन, म्हणजे पायथनचं नेहमीचं इंटरप्रिटर, `+=` करताना तीच स्ट्रिंग गुपचूप जागच्या जागी वाढवतं.

गोठलेला_जीव: 'बदलताच येऊ नये' म्हणणाऱ्यांनी आमचा प्रोजेक्ट सांभाळून दाखवावा. रुबी 2.3 पासून प्रत्येक फाइलच्या डोक्यावर फ्रोझन लिटरलची कमेंट (या फाइलीत लिहिलेल्या स्ट्रिंग बदलू देऊ नका असं सांगणारी) चिकटवतोय. एक जेम (रुबीची तयार लायब्ररी) आपण दिलेल्या आर्ग्युमेंटलाच `<<` करायचं. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर फ्रोझनएरर! रुबी 3.4 पासून कमेंट नसलेल्या फाइलीतली लिटरल स्ट्रिंग बदलली तरी वॉर्निंग आहे, तीही मुद्दाम चालू केली तरच दिसते. म्हणजे कुणालाच दिसत नाही.

खडूस_कोडर: दोष जेमचा, खापर फ्रोझनवर. वा! दुसऱ्याच्या स्ट्रिंगमध्ये हात घालायचाच कशाला? `डुप` करा, म्हणजे आधी प्रत काढा.

गोठलेला_जीव: सगळीकडे `डुप` मारून मेमरी फुगली की बिल तुम्ही भरणार?

सेगफॉल्ट: भांडा निवांत. तुमची फ्रोझन स्ट्रिंगही आतून लिहिली जातेच. ती निव्वळ अ‍ॅस्की (साधी इंग्रजी अक्षरं-चिन्हं) आहे की नाही हे एमआरआय (रुबीचं मूळ इंटरप्रिटर) पहिल्यांदा गरज पडली की तपासतं आणि त्याच ऑब्जेक्टच्या फ्लॅग्जमध्ये नोंदवून ठेवतं. म्हणजे नुसतं वाचणंही राइट. दोन थ्रेड एकाच वेळी ते फ्लॅग लिहायला गेले की?

खडूस_कोडर: बरं महाराज, मेमरीचा मुद्दा तुमचा. पण त्या फ्लॅगला अ‍ॅटॉमिक राइट (मध्येच न तुटणारं लिहिणं) पुरतं. प्रत्येक स्ट्रिंगला लॉक कशासाठी, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सेगफॉल्ट: बफर, लांबी आणि कपॅसिटी (राखून ठेवलेली जागा) तिन्ही एकदम बदलायचं असतं म्हणून. एका अ‍ॅटॉमिकमध्ये बसवून दाखवा, मी लॉक काढतो.