‘नूतनीकरण’ की ‘जीर्णोद्धार’?

कोथरूडकर: फ्रान्समध्ये मार्सेयला वास्तुकार ल कार्बुझिएची ‘युनिते दाबितासियाँ’ ही निवासी इमारत पाहून आले. १९५२ मध्ये पुरी झालेली, ३३७ घरांची. त्यातलं एक मूळ रूपात आणलंय, ते आतून पाहता येतं. लेखात मी ‘नूतनीकरण केलेला फ्लॅट’ लिहिलं, संपादकांनी ‘जीर्णोद्धार’ केलं. मला दोन्ही खुपतात. मुलांच्या दोन खोल्यांमधलं सरकतं दार म्हणजे चक्क फळा आहे, खडूनं लिहायचा. त्या दाराशी उभी असताना सारखं वाटत होतं, इथं नवं काही करायचंच नव्हतं. मग ‘नूतन’ कसं?

शनिपार: जीर्णोद्धार देवळाचा. आणि त्यात जुनं जसंच्या तसं राखायची अट नसते. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशी विश्वनाथाचं देऊळ नव्यानंच बांधलं.

लेखणी: ‘मूलरूपसंवर्धन’ करा. अर्थ नेमका आहे, वापरत गेलं की रुळेल.

शनिपार: नाही रुळणार. वाडा दुरुस्त करणारा गवंडी हा शब्द उच्चारेल का? तो ‘डागडुजी’ म्हणतो.

कसबा पेठ: डागडुजीतला ‘डाग’ भांड्याचा बरं का. आमची आजी गळका बंब तांबट आळीत नेऊन डाग लावून आणायची. जोड दिसायचा, पण पाणी थेंबभर गळत नसे. ताईंनी पाहिलेल्या घरात जोड दिसायलाच नको, म्हणून डागडुजी चालणार नाही.

लेखणी: आणि ‘फ्लॅट’ कशाला? ‘सदनिका’ लिहा.

कोथरूडकर: पुस्तकाची पुस्तिका, तशी सदनाची सदनिका, म्हणजे छोटं घर. हे तर आतल्या जिन्याचं, दोन मजल्यांचं!

एरंडवणे: आमच्याकडे फ्लॅटही नव्हता, सदनिकाही नव्हती. ‘ब्लॉक’ होता. नारायण पेठेतल्या वाड्यातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड सोडून आम्ही इकडे आलो, तेव्हा आजी येईल त्याला सांगायची, “पोरानं ब्लॉक घेतला, संडास घरातच आहे!” वाड्यात सकाळी बादली घेऊन रांग लावणाऱ्या बाईला त्या शब्दाचं मोल होतं. सदनिका म्हटलं की मला करारनामा आठवतो.

लेखणी: म्हणून इंग्रजीच ठेवायचं?

एरंडवणे: आजीच्या तोंडी आला तो मराठीच झाला.

कोथरूडकर: ‘ब्लॉक’ मलाही आवडतो. पण ‘मूळ रूपात आणलेला’ याला एक शब्द हवाय हो, लेख परवा द्यायचाय.

कसबा पेठ: एरंडवणे, हा ‘स्वतंत्र ब्लॉक’ मुंबईहून आला की पुण्यातच रुजला? आमच्या पेठेत तरी भाडेकरूचं ते बिऱ्हाडच.