बाँडच्या नव्या पिक्चरचं शूटिंग : गाडी कुठून सुटणार?

जनरेटरवाला_कोल्हापूर

मंडळी, आधीच सांगतो, नवा बाँड कोण होणार हा विषय इथं नको. त्यावर तीन धागे पळतायत आणि तिन्हीकडं तीच चार नावं. मला पडद्यामागचं बोलायचंय. मी शूटिंगला जनरेटर भाड्यानं देतो. मालिका, जाहिराती, कधीतरी पिक्चर. कॅमेऱ्यासमोर कोण उभा आहे यापेक्षा लायटीला लोड किती येणार हे मला आधी दिसतं, त्याला इलाज नाही.

पक्कं एवढंच: फेब्रुवारी २०२५ मध्ये बार्बरा ब्रोकोली आणि मायकल विल्सन या निर्मात्या भावंडांनी बाँडची सूत्रं अॅमेझॉनकडं दिली. मग निर्माते म्हणून एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन आले, जूनमध्ये दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह, त्यामागोमाग लिहायला स्टीव्हन नाइट. आता व्हिलनव्हच्या 'ड्यून'चा तिसरा भाग लागणार १८ डिसेंबर २०२६ ला. त्याचं एडिटिंग, साउंड उरकल्याशिवाय हा माणूस दुसऱ्या सेटवर पाय ठेवेल असं मला वाटत नाही. म्हणजे नारळ फुटणार २०२७ मध्ये, हा माझा हिशोब.

कॅमेऱ्यासाठी माझी पैज लायनस सँडग्रेनवर. मागचा बाँड, 'नो टाइम टू डाय', त्यानंच टिपला आणि 'ड्यून'चा तिसराही त्याच्याकडंच आहे. आयमॅक्सची, म्हणजे अवाढव्य पडद्यासाठीची रुंद फिल्म वापरायची सवय दोन्हीकडची. त्या कॅमेऱ्यात हजार फुटांचा रोल तीन मिनिटांत संपतो आणि आवाज असा की शेजारी पिठाची गिरणी चालू आहे. त्यामुळं कुजबुजत बोलायच्या सीनला दुसरा कॅमेरा, आणि पळापळीला हा.

आता खरा प्रश्न. २०११ साली 'स्कायफॉल'ची सुरुवातीची रेल्वेवरची मारामारी गोव्याच्या बाजूला कोकण रेल्वेवर करायचं चाललं होतं. पाठलाग दिल्लीच्या सरोजिनी नगर मार्केटात. पेपरात बातम्या वाचून मी तेव्हा दोन जनरेटर रंगवून घेतले होते (हसू नका). पुढं सगळी वरात तुर्कस्तानला गेली. इस्तंबूल आणि अदाना. यावेळी आपल्याकडं गाडी वळेल का? जाणकारांनी लिहा.

घाटावरचा_प्रेक्षक

दादा, रेल्वेच्या टपावरची मारामारी विसरा. व्हिलनव्ह हा थांबलेल्या गाड्यांचा माणूस आहे. 'सिकारिओ'तला सीमेवरचा सीन आठवा. ट्रॅफिक जॅम, कुणी हलत नाही, शेजारच्या गाडीतला माणूस नुसता बघतोय, आणि आपल्याला घाम. पाठलाग करायला रस्ता मोकळाच नाही! त्यात लिहिणारा नाइट. २०१३ मध्ये त्यानं एका माणसाला रात्रभर गाडी चालवत फोनवर बोलायला लावलं आणि तेवढ्यावर अख्खा पिक्चर काढला. या दोघांच्या हातात बाँड दिल्यावर तो खोलीत बसून कुणाची तरी वाट बघेल. मला तेच आवडेल, पण तुमचे जनरेटर घरीच राहणार.

स्लाऊची_सून

मी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओपासून पंधरा मिनिटांवर राहते, म्हणून हे लिहायचा हक्क बजावते :)

स्टुडिओला लागूनच ब्लॅक पार्क आहे, मुलांना घेऊन रविवारी तिथेच असतो. तळं, बदकं, उंच पाइनची झाडं. 'गोल्डफिंगर'मधला रात्रीचा गाडीचा पाठलाग याच झाडांतला, आणि 'कसिनो रॉयाल'मधलं युगांडाही इथलंच. दरवेळी मी नवऱ्याला सांगते, बघ, युगांडा आलं. तो आता ऐकत नाही.

इकडच्या गप्पांत मला रस वाटतो तो वेगळ्या गोष्टीत. बाँडचं माहेर पाइनवुड. तिथला ००७ स्टेज १९७६ मध्ये बांधला, तेलवाहू जहाजाच्या सेटसाठी. १९८४ मध्ये जळला, पुन्हा उभा केला, २००६ मध्ये परत जळला, परत उभा. इतका जीव आहे त्या जागेवर. पण अॅमेझॉननं शेपर्टन स्टुडिओत लांब मुदतीनं जागा घेऊन ठेवली आहे आणि २०२४ मध्ये मेडनहेडजवळचा ब्रे स्टुडिओ विकतच घेतला. स्वतःचं घर असताना दुसऱ्याला भाडं कोण देईल? आणि बाँड पाइनवुडबाहेर गेल्याची उदाहरणं आहेतच. 'मूनरेकर' पॅरिसला झाला, 'गोल्डनआय' लीव्ह्सडेनला, विमानाची इंजिनं बनायची त्या जुन्या कारखान्यात. पुढे त्याच जागेत हेमननं हॅरी पॉटरचे सगळे भाग केले. म्हणजे त्याला तिथला खिळा न् खिळा माहीत.

माझा अंदाज: बोलायचे सीन ब्रे-शेपर्टनला, आणि पाण्याचा किंवा प्रचंड मोठा सेट असेल तर पाइनवुडच. भारताचं मात्र मला वाटत नाही. 'ऑक्टोपसी'ला उदयपूर केलंच होतं, ते अजून इथली म्हातारी माणसं मला आवर्जून सांगतात. हत्ती, कबीर बेदी, सगळं.

उक्षी_भोके

जनरेटरवाले, तुमचं उत्तर माझ्याकडे आहे. मी कोकण रेल्वेत गार्ड होतो. हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणूनच रिटायर झालो.

२०११ साली आमच्या मार्गावर डिझेल चालायचं. डब्याच्या वर आभाळ, बस्स. टपावर माणूस उभा करून कॅमेरा लावला तर मध्ये काही येत नव्हतं, बोगदा सोडून. मार्च २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरं झालं. आता टपाच्या वर २५ हजार व्होल्टची तार आहे. तिला हात लावायची गरज नाही, नुसतं फार जवळ गेलात तरी ठिणगी उडून झटका बसतो. शूटिंग करायचं तर पॉवर ब्लॉक घ्या, म्हणजे तारेतली वीज ठराविक वेळ बंद ठेवा, मग इंजिन डिझेलचं लावा. आणि बराचसा मार्ग अजून एकेरीच आहे. इकडे तुमचा हिरो उडी मारतोय आणि तिकडे मांडवी, जनशताब्दी, मालगाड्या ओळीने सिग्नलला. असा ब्लॉक कोण देणार, आणि किती दिवस? शिवाय पावसाळ्यात गाड्या हळू चालतात, वेळापत्रकच वेगळं असतं. गणपतीत तर विचारूही नका.

नायतर जागा आमची सरस होती हो. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच. 'स्कायफॉल'मधला अदानाचा तो वर्डा पूल त्याहून उंच आहे, मान्य, पण खाली आमच्यासारखी हिरवळ दाखवा. दुसरं म्हणजे त्या पिक्चरमध्ये सपाट वॅगनवर गाड्या आणि जेसीबीसारखं यंत्र ठेवलंय ना? ते बघून मी थेटरात मोठ्यानेच म्हटलं, अरे ही तर आमची रो-रो! १९९९ पासून आम्ही वॅगनवर ट्रक चढवून कोलाड ते वेर्णा नेतोय. ड्रायव्हर आपल्याच ट्रकच्या केबिनमध्ये झोपलेला, खाली रूळ, वर पाऊस. पहाटे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली की सगळा धूर आणि दमट वास. बाहेर पडलो की पहिलं काय दिसायचं तर कुणाच्या तरी केबिनच्या काचेवर लटकणारा लिंबू-मिरचीचा दोरा. असा शॉट त्या व्हिलनव्हला कोणी सांगितला नसेल.

जनरेटरवाला_कोल्हापूर

काका, नाद खुळा. तारेचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि मी स्वतःला इलेक्ट्रिकचा माणूस म्हणवतो. रेल्वेचा अंदाज मागं घेतो.

ताई, पाइनवुड-ब्रेचं पटलं. फक्त दोन स्टुडिओ म्हटलं की दोनदा केबल ओढा, दोनदा रिगिंग (लाइटा टांगायची बांधणी), रोज सामानाचे ट्रक इकडून तिकडं. हेमनला ते परवडेल, मला धडकी भरते.

घाटावरच्यांना एवढंच सांगतो, थांबलेल्या गाड्यांच्या सीनलाही लाइट लागते. रात्रीचा जॅम असेल तर उलट जास्तच.

मागचा बाँड आला तेव्हा आपल्याकडं थेटरं बंद होती, २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. मला दम निघेना. आरटीपीसीआर काढला, रिपोर्ट खिशात घालून कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला आणि बेळगावात जाऊन बघितला. नाक्यावरच्या पोलिसानं विचारलं, काम काय? म्हटलं, बाँड. त्यानं बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि सोडलं. यावेळी एवढा द्राविडी प्राणायाम नको.

काका, पानवलच्या पुलावर तारा ओढल्या तेव्हाचा एखादा फोटो असेल तर टाका. खांब कसे बसवले ते बघायचंय.