सांगलीच्या उकाड्यात सायलेंट पीसी: पैसे पीसीवर घालायचे की आधी आवाजाची पातळी ठरवायची?

कृष्णाकाठ:
"गाणी ऐकायला सायलेंट पीसी बांधायचाय, फॅनलेस (पंखाच नसलेलं) कॅबिनेट कुठलं घेऊ?" हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय. मत आधीच सांगून टाकतो. सांगली-मिरजेत वर्षातले बरेचसे महिने छताचा पंखा बंद होत नाही. अशा खोलीत फॅनलेस पीसीवर पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी.

हिशोब बघा. पंखा पाचवर असेल तर खाली बसलेल्याच्या कानाशी 50 डेसिबलच्या मागेपुढे आवाज असतो, दोनवर 40 धरा. साधा पण नीट लावलेला पीसी एक मीटरवर 30. डेसिबलची बेरीज शाळेतल्यासारखी होत नाही, 40 आणि 30 मिळून 40.4 होतात. तो वरचा 0.4 ओळखणारा कान मला दाखवा.

दुसरं, उष्णता. फॅनलेस कॅबिनेटची बॉडी हाच हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातू) असतो, आणि प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहणार हे वॉटवर ठरतं. 35 वॉटला तो 40 अंश वर जात असेल, तर 25 अंशांच्या खोलीत 65 दिसेल. एप्रिलमधल्या दुपारी खोली 37 ला असते, म्हणजे 77. त्यात कॅबिनेट सुताराने केलेल्या कॉम्प्युटर टेबलच्या कप्प्यात कोंबलेलं असलं की झालंच. तिथे 65 वॉटचा प्रोसेसर लावला तर तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि महागाचा पीसी स्वस्तातल्यासारखा चालतो.

त्यापेक्षा ऐकण्याची पातळी बघा. बसण्याच्या जागी सरासरी 65 ते 70 डेसिबल ही घरातली सुखाची पातळी. 86 डीबी (डेसिबल) सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज देणारे, दोन स्पीकर, अडीच मीटर अंतर, तर 70 डेसिबलला एक वॉटचा सोळावा हिस्सासुद्धा पुरतो. वरच्या शिखरांना 20 डीबी जागा ठेवली तरी सहा-सात वॉट. अॅम्प्लिफायर निवांत असतो. पीसीचा आवाज टोचतोय? पाच डीबी वाढवा, विषय संपला.

जवारी:
बेरीज बरोबर, निष्कर्ष चूक. कान एकूण डेसिबल ऐकत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी ऐकतो. छताच्या पंख्याचा आवाज मुख्यतः खालच्या स्वरांतला, पसरट, वाऱ्याचा. पीसीचा त्रास असतो तो एका सुराचा. ग्राफिक कार्डाच्या कॉइलची (तारेच्या गुंडाळीची) शीळ तीन-चार हजार हर्ट्झला असेल, तर त्या पट्ट्यात पंख्याचे 20 डेसिबलसुद्धा नसतात. एकूण मोजमापात शीळ कुठेच दिसत नाही, कानाला मात्र लख्ख ऐकू येते. 7200 आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) हार्ड डिस्क 120 हर्ट्झला घुमते, आणि टेबलाची फळी तिला साथ देते.

आता ऐकायचं काय, तेही बघू. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली जीआय मानांकन मिळालं, कौतुकही झालं. पण त्याची जवारी म्हणजे नक्की काय ऐकायचं? तार छेडल्यावर वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात आणि विरतात. ते विरणं ऐकायचं असेल तर खोलीतला आवाज त्याच्या खाली हवा. विलंबित ख्यालात दोन आलापांमधली जागा हीच. तिथे शीळ आली की तंबोरा अर्धा कापलेला ऐकू येतो.

आणि "पाच डीबी वाढवा" हा उपाय मला मुळातच पटत नाही. बैठकीत गायक तीन मीटरवर बसलाय, तर त्याच्या आवाजाची एक नैसर्गिक पातळी असते. त्याच्या वर नेलं की तंबोरा हौदाएवढा वाटायला लागतो. पातळी गाण्यानं ठरवायची असते. कॅबिनेटच्या पंख्याला तो मान कशाला?

कृष्णाकाठ:
बुवा, मिरजेतली निम्मी मंडळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78 आरपीएमच्या तबकड्यांची ट्रान्सफर ऐकतात. त्यात सुईची खरखरच एवढी, की खाली पीसी काय, पिठाची गिरणी चालली तरी चालेल.

जवारी:
ती खरखर रेकॉर्डिंगचा भाग आहे, कान तिला दोन मिनिटांत बाजूला ठेवतो. पीसीच्या पंख्याचा वेग खालीवर होत राहिला तर त्याला बाजूला ठेवता येत नाही. फरक तेवढाच.

विश्रामबाग बिल्डर:
दोघंही फॅनलेस विरुद्ध गोंगाट असं धरून भांडताय. मधला रस्ता सगळ्यात स्वस्त आहे: मोठे पंखे, हळू फिरवलेले.

पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डीबीने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते. म्हणून 120 मिमीचा एक पंखा 1200 वर पळवण्यापेक्षा 140 मिमीचे दोन 600 वर फिरवा. समोरून दोन आत, मागे एक बाहेर. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींमधून धूळ ओढली जात नाही. हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. पाचट जाळायच्या दिवसांत हवेत जी काळी राख असते, ती फिल्टरवर महिन्याभरात थर धरते. फिल्टर बुजला की पंखे वेग वाढवतात, आणि लोक म्हणतात पंखे खराब निघाले. हंगामात दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटकायचा, धुतला तर पूर्ण वाळवून बसवायचा.

बाकी यादी:

प्रोसेसर 65 वॉटवर बांधून टाका. एएमडीच्या बहुतेक बोर्डांत इको मोड (वीज कमी घेण्याची सेटिंग) असतो, इंटेलला बायोसमधून (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) पीएल1, म्हणजे सततची वीजमर्यादा, 65 आणि पीएल2, म्हणजे थोड्या वेळाची, फार तर 90 वॉट. रोजच्या कामात फरक कळत नाही. वर टॉवर कूलर, 120 मिमी पंख्याचा. बॉक्समधला छोटा कूलर काढून ठेवा, त्याची चिरचिर कमी वेगातही जात नाही.

पंख्याची कर्व्ह (किती तापमानाला किती वेग): 60 अंशांपर्यंत 550 आरपीएम सपाट, 75 ला 900, 85 ला पूर्ण. सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग म्हणजे वेग वाढवण्याआधीचा विलंब. तो तीन ते पाच सेकंद ठेवा. नाहीतर ब्राउजर उघडला की प्रोसेसर क्षणभर उसळी घेतो आणि पंखा हुंकार देतो. 'जवारी' म्हणतात तो खालीवर होणारा आवाज बहुतेक वेळा इथूनच येतो. चार पिनांचे पंखे घ्या. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी करून हळू करावा लागतो, आणि पाच व्होल्टच्या आसपास काही पंखे सुरूच होत नाहीत.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) 550 वॉट, गोल्ड दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा), कमी लोडवर पंखा बंद ठेवणारा. मात्र तो तळाशी पंखा खाली करून बसवला आणि कॅबिनेट सतरंजीवर ठेवलं, तर तो श्वास कुठून घेणार? खाली दोन इंच मोकळं ठेवा. मागची जास्तीची भोकं जाळीने झाका. एसएमपीएसमध्ये पाल शिरून शॉर्ट होणं हा विनोद नाही.

कॅबिनेटला आतून फोम चिकटवू नका. फोम वरच्या पट्टीतला आवाज थोडा खातो, घुमारा तसाच राहतो, आणि हवेची वाट अडली की पंखे अजून पळतात.

कॉइलच्या शिळेला पंख्याचा इलाज नाही. गेमची फ्रेम 60 ला बांधा, कार्डाची पॉवर लिमिट 70-80 टक्क्यांवर आणा. पुष्कळदा शीळ दबते. फक्त गाणीच ऐकायची असतील तर ग्राफिक कार्ड घेताच कशाला?

हरिपूरचा नाना:
लय डोकं लावलंय राव. पीसी खोलीतच कशाला पायजे? भिंतीला एक इंचाचं भोक पाडा, पीसी पलीकडच्या खोलीत न्या, मिटला की वाद. पंखा 2000 वर पळंना, आपल्याला काय त्याचं? युएसबी 2.0 ची वायर पाच मीटरपर्यंत चालती, तेवढ्यात डीएसी (डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) येतोय. स्क्रीन लांब असंल तर पाच मीटरच्या पुढं ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, साधी केबल 4के ला दगा देती. फोर-के नको असंल तर तेही सोडा. भोक जरा खाली उताराचं पाडा, पावसाळ्यात ओल वायरीवरनं आत येती. सायलेंट कॅबिनेटच्या निम्म्या पैशात काम होतंय.

अर्थिंग आधी:
नाना, वाद मिटला पण घुमारा आला. पलीकडच्या खोलीतला प्लग वेगळ्या सर्किटवर, अर्थिंगची लाइन लांबून फिरून आलेली. पीसीची अर्थ आणि अॅम्प्लिफायरची अर्थ यांच्यात थोडा फरक पडला की युएसबीच्या शिल्डमधून (वायरीवरच्या धातूच्या वेष्टणातून) करंट वाहतो, आणि स्पीकरमधून 50 आणि 100 हर्ट्झचा हुंकार येतो. जुन्या गावभागातल्या घरांत तर अर्थिंग कागदावरच असतं.

क्रमाने करा. आधी टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने न्यूट्रल ते अर्थ मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा. मग पीसी आणि अॅम्प एकाच बोर्डावरून चालवून बघा. हुंकार गेला तर कारण सापडलं. दोन खोल्यांतच ठेवायचं असेल तर ऑप्टिकल केबलने डीएसी जोडा, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या दोऱ्यातून करंट जात नाही. अर्थची पिन मोडून हुंकार घालवणारे महाभाग आहेत. असलं करू नका, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की शॉक बसतो.

त्याहून सोपं म्हणजे फक्त गाण्यांसाठी रास्पबेरी पाय किंवा 6 वॉटवाला इंटेल एन100 चा छोटा डबा खोलीत, आणि मोठा पीसी हार्ड डिस्कांसकट आतल्या खोलीत लॅनच्या वायरवर. लॅनच्या पोर्टाला ट्रान्सफॉर्मर असतो, तो दोन्हीकडची वीज वेगळी ठेवतो, साधी विनाशिल्ड केबल वापरली तर तिथून घुमारा येत नाही. सहा वॉटला फॅनलेस एप्रिलमध्येही चालतं, 'कृष्णाकाठ' यांचा तापमानाचा मुद्दा तिथे लागू होत नाही.

रात्रपाळी:
"पाच डीबी वाढवा" यावर कुणी पुरेसं बोललंच नाही. दुपारी वाढवाल हो, रात्री अकराला काय करणार? ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबल आहे. खिडक्या उघड्या, शेजारचा फ्लॅट दहा फुटांवर, तिथे बास सगळ्यात आधी पोचतो.

म्हणून रात्री ऐकणारा 55-60 वरच ऐकतो, आणि शांत पीसीची गरज त्यालाच आहे. हिवाळ्यात पंखा बंद, खिडकी बंद, मधल्या वस्तीत खोलीतला आवाज 28 डेसिबलपर्यंत उतरतो. तिथे 30 चा पीसी ठेवला तर 32 होतात, म्हणजे खोलीतला मोठा आवाज पीसीचाच. 'कृष्णाकाठ' यांचं गणित उन्हाळ्याचं आहे, डिसेंबरला ते उलटं फिरतं.

हळू ऐकताना एक अडचण असते. कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. 80 वर मिक्स केलेलं 60 वर लावलं तर 50 हर्ट्झला साधारण 8 डीबी तूट जाणवते. डग्ग्याचा घुमारा हरवतो, नुसती तबल्याची चाट (काठावरचा टणक बोल) ऐकू येते. जुन्या अॅम्पवर लाउडनेसचं बटण याचसाठी असायचं. आता पीसीवर लो-शेल्फ (फक्त खालचे स्वर उचलणारी सेटिंग) लावा, 100 हर्ट्झखाली 4 ते 6 डीबी, आणि दिवसा आवाज वाढवलात की काढून टाका. लोक ते विसरतात आणि मग स्पीकरला नावं ठेवतात.

कानाचं म्हणाल तर स्पीकरवर 70 ला धोका नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास आहे, दर 3 डीबीला वेळ निम्मी. धोका हेडफोनला. खोलीतल्या गोंगाटावर मात करायला माणूस तिथे 85-90 सहज लावतो, आणि 89 ला आठवड्याचे पाचच तास उरतात.

कृष्णाकाठ:
हिवाळ्याचं मान्य, शिळेचंही मान्य. पण खर्चाचा क्रम मी बदलणार नाही. पीसीला हात लावायच्या आधी भिंतीवरचा रेग्युलेटर बघा. गोल फिरणारा, टप्पे नसलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो विजेची लाट कापून देतो, आणि पंख्याची मोटर कमी वेगावर भुणभुणते. वर अॅम्पमध्येही बझ सोडतो. त्याजागी कपॅसिटरचा, टप्प्यांचा रेग्युलेटर बसवा. काहीशे रुपयांचं काम आहे, आणि फरक कुठल्याही कॅबिनेटपेक्षा जास्त. लाइट गेल्यावरही हेच बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा घुमतो, आणि नव्या एसएमपीएसला ती लाट मानवत नाही, काही वेळा पीसी सरळ बंद पडतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतल्याशिवाय सायलेंटच्या गप्पा मारू नका.

जवारी:
रेग्युलेटरचं शंभर टक्के. मात्र तो बसवल्यावर पंखा खरंच गप्प होतो, आणि मग पीसीच जास्त ऐकू येतो. म्हणजे विश्रामबागच्या यादीकडे परत यावं लागतंच.

नवा मेंबर मिरज:
फोनवरच्या अॅपने 30 खाली आलं की पीसी सायलेंट धरू का?

विश्रामबाग बिल्डर:
नाही. फोनच्या माइकचा स्वतःचाच सूं आवाज साधारण तेवढ्यावर असतो, त्याच्या खालचं तो वाचूच शकत नाही. गाण्याची पातळी मोजायला फोन चालेल, दोन-तीन डीबी इकडेतिकडे धरा. पीसी तपासायचा तर रात्री छताचा पंखा बंद करा, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबायची वाट बघा, खुर्चीत बसा आणि दुसऱ्याला पीसी चालू-बंद करायला सांगा. बंद केल्यावर फरक कळला नाही तर तिथेच थांबा. कळला तर कॅबिनेटचं झाकण काढून एकेक पंखा मधोमध, चकतीवर बोटाने क्षणभर धरा. ज्याच्यावर आवाज थांबतो तो बदला. एसएमपीएसमध्ये मात्र बोट घालू नका.