चर्चा: ऑथ प्लगइनने टोकन पानावरच्या जावास्क्रिप्टच्या हाती द्यावं का?

खिडकीकाठ (धागाकर्ता)

लॉगिन झालं की सर्व्हरने दिलेलं जेडब्ल्यूटी (वापरकर्ता कोण हे सांगणारं, सही केलेलं टोकन) लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठवणीत) ठेवायचं आणि प्रत्येक कॉलला ऑथरायझेशन हेडरमध्ये ‘बेअरर’ म्हणून लावायचं, ही पद्धत रिॲक्ट-अँग्युलरवाल्यांत इतकी रुळली आहे की कित्येक प्लगइनांत तीच मूळ सेटिंग असते. माझं स्पष्ट मत आहे की ती मूळ सेटिंग काढून टाकावी.

लोकलस्टोरेज त्या ओरिजिनवर (म्हणजे त्याच पत्त्याच्या साइटवर) चालणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला एका ओळीत वाचता येतं, आणि पानावर फक्त आपली स्क्रिप्ट कधीच नसते. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम ह्या एनपीएम (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं कोठार) पॅकेजमध्ये फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचं घातक पॅकेज शिरलं आणि त्याचा रोख एका बिटकॉइन वॉलेटच्या चाव्यांवर होता. ते पॅकेज त्या वॉलेटवाल्यांनी स्वतःहून निवडलेलं नव्हतं, अवलंबनाच्या साखळीतून आत आलं होतं. आपल्या नोड-मॉड्यूल्सच्या (उतरवलेल्या पॅकेजांच्या) फोल्डरची अवस्था काही वेगळी नाही.

प्लगइनने मुळातच द्यावी ती कुकी (विनंतीला ब्राउझर आपणहून जोडतो तो छोटा मजकूर) अशी: नाव ‘__होस्ट-सेशन’, एचटीटीपीओन्ली (जावास्क्रिप्टला वाचता न येणारी), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी), पाथ ‘/’, सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक विनंत्यांना न जोडली जाणारी), आणि डोमेन अजिबात लिहायचं नाही. ‘__होस्ट-’ ह्या उपसर्गामुळे डोमेन लिहिलेली कुकी ब्राउझर स्वीकारतच नाही, म्हणून एखाद्या सबडोमेनला तिच्या जागी आपली कुकी घुसवता येत नाही.

---

उलटतपासणी

असहमत. एक्सएसएस (पानात परकी स्क्रिप्ट घुसवण्याचा हल्ला) झाला की टोकन कुठे आहे ह्याने फारसा फरक पडत नाही. हल्लेखोर टोकन नेणारच नाही. तुमच्याच पानातून फेच करेल (सर्व्हरला विनंती पाठवेल), ब्राउझर इमानेइतबारे कुकी जोडेल आणि सर्व्हर पैसे वळते करेल. कुकी नुसती वाचता येत नाही, वापरता येतेच.

शिवाय कुकी आली की सीएसआरएफ (परक्या साइटने वापरकर्त्याच्या नावे विनंती पाठवणं) तिच्या पाठोपाठ आलं. बेअरर हेडर ब्राउझर आपणहून लावत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. स्प्रिंग सिक्युरिटी (जावाची सुरक्षा लायब्ररी) ६ वर आल्यावर किती जण ४०३ (परवानगी नाही) पाहून थेट सीएसआरएफची तपासणी बंद करून मोकळे होतात! कुकी ठेवायची आणि सीएसआरएफची तपासणी बंद करायची, ही अवस्था लोकलस्टोरेजपेक्षा वाईट. मूळ सेटिंग ठरवताना लोक ती कशी मोडतील ह्याचाही विचार करायला हवा.

---

खिडकीकाठ

दुसरा मुद्दा खरा आहे, म्हणून तो ४०३ आधी सोडवू. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात आणि लोक एकच दुरुस्त करून थांबतात.

एक: सहाव्या आवृत्तीत सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आली ह्याची खूण) आळशीपणे लोड होतं. कोणी ते मागितलंच नाही तर एक्सएसआरएफ-टोकन ही कुकी पाठवलीच जात नाही. एक छोटा फिल्टर लावून प्रत्येक विनंतीत टोकन वाचून घ्यायचं, म्हणजे कुकी लिहिली जाते.

दोन: ब्रीच हल्ल्यापासून (आकुंचित उत्तराच्या आकारावरून गुपित ओळखणं) बचाव म्हणून मूळ हँडलर (टोकन हाताळणारा भाग) टोकनवर एक्सऑरचा, म्हणजे दर वेळी बदलणारा, मुखवटा चढवतो आणि परत येतानाही मुखवट्यासकटच मागतो. कुकीत मात्र साधं टोकन असतं. अँग्युलर किंवा ॲक्सिओस (विनंत्या पाठवणारी लायब्ररी) कुकीतलं जसंच्या तसं हेडरमध्ये टाकतात आणि तुलना फसते. उपाय असा, की हेडरमधून आलं तर साध्या हँडलरने तपासायचं आणि फॉर्मच्या फील्डमधून आलं तर एक्सऑरवाल्याने.

तीन: लॉगिननंतर टोकन बदलतं. लॉगिनआधीचं टोकन जावास्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलं असेल तर लॉगिननंतरचा पहिलाच पोस्ट ४०३ खातो, आणि पान रिफ्रेश केलं की सगळं सुरळीत चालतं. म्हणून हा बग पकडायला सर्वांत त्रासाचा. दर कॉलला कुकी नव्याने वाचा.

हे तिन्ही प्लगइनने स्वतः करून द्यावं, वापरणाऱ्यावर सोडू नये.

आता पहिला मुद्दा. पानातून हल्ला होऊ शकतो हे मान्य, पण तो ती टॅब उघडी आहे तोवरच. रिफ्रेश टोकन (मुदत संपल्यावर नवं टोकन मिळवून देणारं, दीर्घ मुदतीचं टोकन) चोरीला गेलं तर ते हल्लेखोराच्या मशीनवर, त्याच्या सवडीने, मुदत संपेपर्यंत चालतं. त्याला एखादा तास मिळणं आणि तीस दिवस मिळणं ह्यात फरक नाही असं मी तरी म्हणणार नाही.

---

शिरोरेघ

कुकीच्या बाजूनेच आहे, पण एक इशारा. जेडब्ल्यूटीच जसंच्या तसं कुकीत भरू नका. एका कुकीला ब्राउझर साधारण ४०९६ बाइट देतो, नाव धरून.

आपल्याकडच्या ॲप्समध्ये पदांची नावं देवनागरीत असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं आणि बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) केल्यावर त्याची ४ अक्षरं होतात. काना-मात्राही स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजल्या जातात. ‘तालुका कृषी अधिकारी’ एवढंच घ्या: १७ चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा मिळून ५३ बाइट, अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम धरून ५६. टोकनात अशा लांबीची ५० पदं आली की ३,७०० च्या पुढे गेलात, आणि सही अजून बाकीच आहे. मर्यादा ओलांडली की क्रोम ती कुकी गुपचूप टाकून देतो. लॉगिनला २०० (यशस्वी) येतो, पुढच्या कॉलला ४०१ (ओळख पटली नाही), आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये चुकीचं काहीच दिसत नाही.

कुकीत फक्त सेशनचा यादृच्छिक आयडी ठेवा, बाकी सगळं सर्व्हरकडच्या रेडिस डेटाबेसमध्ये. पदासाठी नाव न ठेवता छोटा कोड ठेवा, नाव स्क्रीनवर लावता येतं.

(जाता जाता: जेडब्ल्यूटीतलं मराठी नाव नुसत्या एटूबीने (बेस६४ उलगडणारं फंक्शन) उलगडलं की स्क्रीनवर कचरा दिसतो. ते फंक्शन बाइट देतं, अक्षरं नाही. पुढे टेक्स्टडिकोडर लावावा लागतो.)

---

दोनतीर

शिरोरेघ, कंसातली दुरुस्ती: ‘ए-टू-बी’ म्हणत असले तरी त्या फंक्शनचं स्पेलिंग एटीओबी (atob) आहे. शोधणाऱ्याला सापडायला हवं.

मूळ मुद्द्यावर: सगळ्यांचं फ्रंटएंड आणि एपीआय एकाच साइटखाली नसतं. एपीआय दुसऱ्याच डोमेनवर असेल तर तुमची कुकी थर्ड-पार्टी (परक्या साइटची) ठरते, आणि सफारीने २०२० पासून त्या सरसकट अडवल्या आहेत. सेमसाइट नन लावूनही तिथे काही होत नाही. अशा ठिकाणी ॲक्सेस टोकन (दर कॉलला लावायचं टोकन) फक्त मेमरीत, १० ते १५ मिनिटांचं, आणि रिफ्रेश टोकन दर वापराला बदलणारं, हाच व्यवहार्य मार्ग.

---

खिडकीकाठ

तिथेही मार्ग आहे. फ्रंटएंडच्याच डोमेनवर ‘/एपीआय’ खाली एक छोटा सर्व्हर बसवा. टोकन त्याच्याकडे राहील, ब्राउझरला फक्त कुकी जाईल. ह्यालाच बीएफएफ (बॅकएंड फॉर फ्रंटएंड) म्हणतात.

बदलत्या रिफ्रेश टोकनचा सापळा मात्र सांगायलाच हवा. दोन टॅब उघड्या आहेत, दोन्हींतली मुदत एकाच क्षणी संपते, आणि दोन्ही एकच जुनं रिफ्रेश टोकन घेऊन धावतात. पहिलीला नवं मिळतं. दुसरीचं टोकन सर्व्हरच्या दृष्टीने वापरून झालेलं, म्हणजे चोरीचं, म्हणून तो अख्खी साखळी रद्द करतो. माणूस फॉर्म भरता भरता बाहेर फेकला जातो. ब्राउझरच्या वेब लॉक्सने (टॅबांमधल्या सामायिक कुलपाने) एका वेळी एकाच टॅबला आत सोडा आणि कुलूप हाती आल्यावर पुन्हा एकदा तपासा की नवं टोकन आधीच आलं आहे का. हे दुसरं तपासणं विसरलं तर कुलपाचा काही उपयोग नाही.

---

उंबरठा

तिजोरी कुठे ठेवायची ह्यावर एवढं बोलणं झालं, पण दार उघडंच आहे. प्लगइनने सीएसपी (पानावर काय चालू द्यायचं ह्याचे ब्राउझरला दिलेले नियम) का देऊ नये? स्क्रिप्ट-एसआरसीमध्ये नॉन्स (एकदाच वापरायचा यादृच्छिक कोड) आणि स्ट्रिक्ट-डायनॅमिक, ऑब्जेक्ट-एसआरसी नन, बेस-यूआरआय नन, आणि कनेक्ट-एसआरसीमध्ये (स्क्रिप्टने कुठे विनंती पाठवायची त्या यादीत) फक्त आपला एपीआय. आधी रिपोर्ट-ओन्लीवर (न अडवता फक्त नोंद करत) दोन आठवडे चालवा, कारण इमोशन किंवा स्टाइल्ड-कंपोनंट्स ह्या स्टाइलच्या लायब्ररी चालू पानात स्टाइल टॅग घुसवतात आणि नॉन्स न पोहोचल्यास अख्खी स्क्रीन विस्कटते. मग लोक वैतागून स्टाइल-एसआरसीबरोबर स्क्रिप्ट-एसआरसीलाही अनसेफ-इनलाइन (पानातली कुठलीही स्क्रिप्ट चालू दे) लावतात आणि सगळं मुसळ केरात. इंडेक्स पान सीडीएनवरून स्थिर जात असेल तर दर विनंतीला नवा नॉन्स बनत नाही. तिथे बिल्डच्या वेळी हॅश काढा.

---

उलटतपासणी

सीएसपी हवंच, पण कनेक्ट-एसआरसीच्या भरवशावर टोकन लोकलस्टोरेजमध्ये ठेवू नका, हे मीच सांगतो. हल्लेखोराने पानाचा पत्ताच बदलून टोकन त्याच्या यूआरएलमध्ये जोडलं तर कनेक्ट-एसआरसी ते अडवत नाही.

म्हणून माझी भूमिका थोडी बदलतो. ब्राउझरसाठी मूळ सेटिंग कुकीची असायला हरकत नाही, अट एकच: सीएसआरएफची तपासणी बंद करून कुकी वापरायला गेलं तर प्लगइनने ॲप सुरूच होऊ देऊ नये. नुसता इशारा लॉगमध्ये टाकला तर कोणी वाचत नाही. मोबाइल ॲपसाठी बेअररचा रस्ता वेगळा ठेवा, आणि ज्या एंडपॉइंटला बेअरर चालतो तिथे कुकी चालू देऊ नका. दोन्ही चालत असतील तर सीएसआरएफची तपासणी नेमकी कोणत्या विनंतीला लावायची हेच धूसर होतं.

---

खिडकीकाठ

सुरूच होऊ न देण्याची अट मान्य. पण टेस्ट लिहिताना लोक सीएसआरएफची तपासणी बंद करतातच. तेव्हा टेस्ट प्रोफाइलला सूट द्यायची की टेस्टमध्येही खरं टोकन लावायला भाग पाडायचं? मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. स्प्रिंगच्या मॉकएमव्हीसी ह्या टेस्टच्या साधनात ते एका ओळीचं काम आहे.