ट्रकच्या इनटेकला थंड हवा मिळावी म्हणून बदल करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, इनटेकचं (इंजिनात हवा आत घेणाऱ्या मार्गाचं) काम ज्यांनी स्वतःच्या गाडीवर केलंय त्यांनी प्लीज सांगा, कारण जिथे विचारावं तिथे अर्धे म्हणतात खूप फरक पडतो आणि अर्धे म्हणतात नुसता आवाज वाढतो.

गाडी टर्बो डिझेल पिकअप ट्रक आहे, इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी) कंपनीचाच. एअर फिल्टरचा डबा बॉनेटखाली कोपऱ्यात आणि त्याचं तोंड रेडिएटरच्या मागच्या बाजूला, म्हणजे रेडिएटरमधून तापून आलेली हवाच तो ओढतो. स्कॅनर लावून बघितलं, बाहेर ३४ अंश असताना एमएएफ सेन्सरपाशी (आत येणारी हवा तापलेल्या तारेने मोजणारा सेन्सर) मोकळ्या रस्त्यावर ४२-४३ दिसतं, पण लोड भरून चढावर फर्स्ट-सेकंडमध्ये रांगत गेलं की ६४ पर्यंत चढतं. ३० अंश जास्त म्हणजे हवा जवळपास ९ टक्के पातळ, आणि नेमकी तेव्हाच गाडी दमते, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ओढत नाही आणि मागे काळा धूर.

उघडा कोन फिल्टर (डब्याशिवाय बसणारा शंकूच्या आकाराचा) मला लावायचा नाहीये. तो बॉनेटखालच्या त्याच गरम हवेत बसणार, वर तेल लावलेला असेल तर जास्तीचं तेल उडून एमएएफच्या तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं. एमएएफची नळीही बदलणार नाही, कारण सेन्सर त्याच व्यासाला कॅलिब्रेट केलेला असतो, नळी रुंद केली की तेवढीच हवा तारेवरून हळू जाते आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं हवा कमी आली. म्हणून डबा आणि कागदी फिल्टर तसाच ठेवून फक्त डब्याचं जुनं तोंड बंद करायचं आणि ग्रिलच्या मागून, रेडिएटरच्या बाजूच्या फटीतून प्लास्टिकचा डक्ट आणायचा, कडेला फोमची पट्टी लावून सील करायचं असा विचार आहे. ॲल्युमिनियम दिसायला भारी पण बॉनेटखाली तापतं.

आता अडलंय कुठे, तर डक्टचं तोंड समोर आलं की पावसाचं पाणी सरळ आत येणार का? पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, ही भीती डोक्यातून जात नाही. आणि दुसरं, टर्बो हवा तापवणारच आणि इंटरकूलर गार करणारच, मग आधीची थंड हवा खरंच उपयोगाची आहे का?

प्रतिसाद: भाऊ, उपयोग आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. आत येणारी हवा ३० अंश जास्त गरम असेल तर टर्बोनंतरचा फरक ३० पेक्षाही मोठा होतो, त्यातला बराचसा इंटरकूलर काढून टाकतो. शिवाय पातळ हवेतून तेवढाच बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, त्यामुळे एक्झॉस्टचं तापमान वाढतं. पण एमएएफचं रीडिंग बघून निष्कर्ष काढू नका, इंटरकूलरनंतरचा सेन्सर काय दाखवतो ते बघा. आणि काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय, त्याला ९ टक्के पातळ हवा एकटी जबाबदार असेल असं मला वाटत नाही. आधी टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा पाइप) सगळे होज हाताने चाचपा, क्लॅम्पखाली ओलसर तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर तिथून बूस्ट लीक होतोय. इंटरकूलरच्या जाळीत चिखल-किडे अडकलेत का तेही बघा. फिल्टर चोक आहे का बघायला फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला बारीक पारदर्शक नळी जोडून यू आकारात पाणी भरा, फुल लोडवर पाणी किती सरकतं ते एकदा आत्ताच्या फिल्टरसकट आणि एकदा नवीन फिल्टर टाकून बघा. फिल्टर काढून मात्र चालवू नका, धुळीने टर्बोची पाती झिजतात.

धागाकर्ता: दादा, मनापासून आभार. आत्ताच खाली वाकून बघितलं, इंटरकूलरच्या गरम बाजूच्या होजला क्लॅम्पच्या खालच्या अंगाला अगदी तसाच काळपट ओला पट्टा आहे, बोट फिरवलं तर तेल लागलं. होज आणि क्लॅम्प आधी बदलतो आणि त्याच चढावर तेवढाच लोड घेऊन दोन्ही सेन्सरची रीडिंग परत घेतो, मग डक्ट. पण पाण्याचं कोणीतरी सांगाच, डक्ट डब्याकडे जाताना वर चढवला आणि सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याला भोक ठेवलं तर पुरतं का, की तोंडच खाली वळवून घ्यावं लागेल?