बीएमटीच्या (बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या) आधी पोटातल्या बॅक्टेरियाचं काय करायचं? दही, प्रोबायोटिक द्यावं का?

नगरची_सुजाता

नमस्कार. धाकट्या भावाला एएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) आहे. केमोच्या सायकल झाल्या, रेमिशन आलं (तपासणीत आजार दिसत नाही), आता पुढच्या महिन्यात अ‍ॅलोजेनिक (दुसऱ्याच्या स्टेम सेलचं) ट्रान्सप्लांट ठरलंय, डोनर मीच आहे, फुल मॅच निघालीये. प्रश्न जरा वेगळा आहे. ट्रान्सप्लांटबद्दल शोधताना असं वाचलं की पेशंटच्या आतड्यात जितक्या वेगवेगळ्या जातींचे बॅक्टेरिया तितकं नंतर जगण्याचं प्रमाण जास्त, आणि नुसतं इन्फेक्शनच नाही तर जीव्हीएचडीशीसुद्धा (डोनरच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात तो त्रास) त्याचा संबंध आहे म्हणे. आणि इकडे युनिटमधून जो कागद दिलाय त्यात पहिलंच लिहिलंय घरचं दही बंद, ताक बंद, लोणचं बंद, प्रोबायोटिक बंद. मग बॅक्टेरिया हवेत की नकोत? आईचं म्हणणं, इतक्या अँटिबायोटिक झाल्या, पोट पार बिघडलंय पोराचं, वाटीभर दह्याने काय होणार आहे. मावसभाऊ म्हणतो मेडिकलमध्ये प्रोबायोटिकच्या पुड्या मिळतात त्या आत्तापासूनच चालू करा. ओपीडीत एवढी गर्दी असते की हे सगळं नीट विचारताच येत नाही, चार्टप्रमाणे करा एवढंच सांगतात. अजून एक, माझ्या पोटातले बॅक्टेरिया स्टेम सेलबरोबर त्याला जातात का? म्हणजे मी माझं खाणं सुधारलं तर त्याला काही उपयोग आहे का? कुणी यातलं असेल तर प्लीज सांगा, ऐकीव नको.

पल्लवी_डाएट

सुजाताताई, मी बीएमटी युनिटमध्ये डाएटिशियन आहे. आधी हे सांगते, पुड्या चालू करू नका, मावसभावाला स्पष्ट सांगा.

या पुड्या, कॅप्सूल, छोट्या बाटल्या यांत बहुतेक वेळा बॅसिलसचे स्पोर असतात, नाहीतर लॅक्टोबॅसिलस, नाहीतर सॅकरोमायसिस नावाचं यीस्ट. तुमच्या-माझ्यासारख्याला त्याने काही होत नाही. पण कंडिशनिंगच्या (ट्रान्सप्लांटच्या लगेच आधीच्या जोरदार) केमोने तोंडापासून खालपर्यंत आतलं अस्तर सोलवटून निघतं, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ शून्यावर येतात आणि त्यात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकलेली असते, अशा पेशंटच्या रक्तात हेच जंतू शिरून सेप्सिस (जीवघेणं इन्फेक्शन) झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. यीस्टच्या पुडीचं तर असं आहे की ती पेशंटच्या खोलीत फोडली, भुकटी बोटांना लागली आणि त्याच हाताने लाइनला हात लावला तरी यीस्ट रक्तात जाऊ शकतं. म्हणून सेंट्रल लाइन असलेल्या माणसाला ते द्यायचंच नाही असा नियम आहे.

दह्याबद्दल आईंना वाईट वाटणं मी समजू शकते, आपल्याकडे पोट बिघडलं की दहीभातच देतात. पण विरजणातले बॅक्टेरिया वेगळे आणि अँटिबायोटिकने आतड्यातून जे नाहीसे होतात ते वेगळे. ते हवा लागली की मरणारे, मोठ्या आतड्यात खोल राहणारे असतात, ते दह्यात नसतातच. त्यामुळे दही देऊन ती जागा भरून निघत नाही आणि घरच्या विरजणात दुसरं काय वाढलंय ते कुणाला माहीत नसतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, स्टेम सेलबरोबर तुमच्या आतड्यातले बॅक्टेरिया जात नाहीत. ती बॅग निर्जंतुक असावी लागते, तिचं कल्चरही (जंतू आहेत का ती तपासणी) करतात. तुम्ही नीट जेवा, झोप घ्या, हिमोग्लोबिन चांगलं ठेवा, पण ते तुमच्या स्वतःसाठी.

बव्हेरियातला_अमोल

मी जर्मनीत मायक्रोबायोलॉजीत काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचं काही सांगणार नाही, फक्त अभ्यास काय म्हणतात ते लिहितो.

तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक २०२० सालच्या न्यू इंग्लंड जर्नलमधल्या पेपरबद्दल असणार. न्यूयॉर्कचं मेमोरियल स्लोन केटरिंग, अमेरिकेतलंच ड्यूक, इथलं रेगन्सबर्ग आणि जपानमधलं सपोरो अशा चार ठिकाणचे मिळून १३६२ पेशंट आणि त्यांचे ८७६७ स्टूल सॅम्पल. ट्रान्सप्लांटनंतर नवीन काउंट्स (रक्तपेशींची संख्या) वर यायच्या सुमारास आतड्यात किती प्रकारचे बॅक्टेरिया आहेत ते मोजलं. न्यूयॉर्कच्या गटात जास्त विविधता असलेल्या ३५४ जणांपैकी १०४ जण दगावले आणि कमी विविधता असलेल्या ३५० पैकी १३६. आणि मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की चारही शहरांत खाणंपिणं वेगळं, औषधांच्या पद्धती वेगळ्या, तरी ट्रान्सप्लांटच्या काळात बॅक्टेरियाची जी वाताहत होते ती सगळीकडे जवळपास सारखीच दिसली. अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच निरोगी माणसांपेक्षा विविधता कमी होती, म्हणजे नुकसान आधीच्या केमो आणि अँटिबायोटिकपासूनच सुरू झालेलं असतं.

होतं काय तर ताप आला की जोरदार अँटिबायोटिक लागतात, त्यात खोल राहणाऱ्या जाती मरतात आणि एन्टरोकॉकससारखा एखादाच जंतू सगळं आतडं व्यापतो, रिकाम्या पडलेल्या वावरात गाजरगवत माजतं तसं. न्यूयॉर्कच्याच २०१२ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की एन्टरोकॉकस माजला की व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टरोकॉकस रक्तात जाण्याचा धोका सुमारे नऊपट होतो. आणि ज्या जाती मरतात त्यांतल्या बऱ्याच फायबर पचवून ब्युटिरेट बनवतात, त्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. अस्तर दुबळं झालं की डोनरच्या टी सेल (प्रतिकारशक्तीच्या पेशी) जास्त भडकतात, जीव्हीएचडीचा संबंध तिथे येतो. ब्लॉटिया नावाची जात भरपूर असलेल्यांमध्ये जीव्हीएचडीने होणारे मृत्यू कमी दिसले, तो पेपर २०१५ चा.

गंमत म्हणजे आधी विचार बरोबर उलटा होता. टाटा मेमोरियलला १९८३ मध्ये भारतातलं पहिलं बीएमटी झालं त्या काळात जगभरात आतडं शक्य तितकं निर्जंतुक करायचा प्रयत्न चालायचा, कारण जंतूमुक्त उंदरांमध्ये जीव्हीएचडी कमी व्हायचा. माणसाचं आतडं तेवढं निर्जंतुक होत नाही आणि अर्धवट मारलं तर उरतात ते चिवट जंतू.

आता मुद्दा असा की हा संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालेलं नाही. जो जास्त आजारी त्याला जास्त अँटिबायोटिक, त्याची विविधता कमी आणि त्याचाच धोकाही जास्त, हे वेगळं काढणं अवघड असतं. संशोधकांनी हिशेबात ते धरलंय तरीसुद्धा. आणि बाहेरून बॅक्टेरिया घालून मृत्यू कमी झाले असं अजून पक्कं दाखवता आलेलं नाही. निरोगी डोनरच्या स्टूलच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, अमेरिकेतल्या २०२३ च्या ट्रायलमध्ये विविधता परत आली पण इन्फेक्शन काही कमी झाले नाहीत. आणि २०१९ मध्ये तर अशा कॅप्सूलमधून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय गेला आणि ट्रान्सप्लांटचा एक पेशंट दगावला. त्यानंतर डोनरच्या स्टूलची तपासणी फार कडक झाली. हे घरी करून बघण्यासारखं अजिबात नाही.

नगरची_सुजाता

दोघांचेही खूप आभार, एवढं नीट कुणीच समजावलं नव्हतं. मग आम्ही करू शकतो असं काहीच नाही का? हातावर हात ठेवून बसवत नाही हो. फायबरचं लिहिलंय म्हणून विचारते, कुठेतरी वाचलं की रात्रीचा गार भात, उकडून गार केलेला बटाटा यात एक स्टार्च तयार होतो जो या बॅक्टेरियांना लागतो. तो देऊ का? शिळा भात तर घरात असतोच.

पल्लवी_डाएट

शिळा भात नको!! ताई हे कृपा करून लक्षात ठेवा. शिजवलेला भात बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सीरियस वाढतो, परत गरम केला तरी त्याचं विष जात नाही, आणि काउंट्स नसताना तो जंतू रक्तात गेला तर जिवावर बेततं. भात शिजला की गरम असतानाच खायचा.

तुम्ही वाचलंत ते रेझिस्टंट स्टार्च. मिशिगनमध्ये त्यावर काम चालू आहे, ट्रान्सप्लांटच्या पेशंटना बटाट्याच्या स्टार्चची पावडर देतात. पहिल्या १० पेशंटमध्ये बहुतेकांना ती घेता आली आणि स्टूलमधलं ब्युटिरेट वाढलेलं दिसलं, २०२३ ला छापून आलं. पण १० म्हणजे दहाच. जीव्हीएचडी खरंच कमी होतो का ते मोठ्या ट्रायलमधून कळेल.

करण्यासारखं आहे, आणि ते आत्ताच आहे. अ‍ॅडमिट व्हायला महिना आहे ना, तोंड आलेलं नाही, जुलाब नाहीत, तर या महिन्यात त्याला घरचं ताजं, पूर्ण शिजवलेलं, सगळ्या प्रकारचं खाऊ दे. ज्वारी-नाचणीची भाकरी, मूग, मसूर, मटकीची उसळ (नीट शिजवून, कच्चे मोड नकोत), दुधी, पडवळ, भोपळा, गाजर. साल जाड असलेली फळं, केळं, संत्रं, मोसंबी, धुवून, घरी सोलून. काउंट्स कशा आहेत ते विचारून ठरवा. इटलीत ट्रान्सप्लांट पेशंटवर एक ट्रायल झाली, तीही २०२३ ची, कडक पथ्य आणि मोकळं पण स्वच्छ खाणं यांत इन्फेक्शनमध्ये फरक पडला नाही. तरी तुमच्या युनिटचा नियम पाळा, कारण आपल्याकडचं पाणी, भाजी हाताळणारे हात, सगळंच वेगळं आहे आणि त्यांना त्यांच्या वॉर्डातलं माहीत असतं.

सातारकर_विजय

मिसेसचं ट्रान्सप्लांट झालंय, आता बरी आहे, म्हणून लिहितोय. ताई, अ‍ॅडमिशनच्या आधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा, आम्हाला एका सिस्टरने सांगितल्या होत्या. एक, रेक्टल स्वॅब केला का, म्हणजे आतड्यात रेझिस्टंट (औषधांना न जुमानणारा) जंतू आधीच बसलाय का ते कळतं. दुसरं, तोंड आल्यावर जेवण बंदच पडलं तर राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) फीड देता येईल का की डायरेक्ट टीपीएन (शिरेतून पोषण). ट्यूबचं नाव ऐकून ही आधी नकोच म्हणाली होती. पण आमच्या डॉक्टरांनी समजावलं की आतड्यात थोडं तरी अन्न जात राहिलं तर अस्तरही टिकतं आणि तिथले बॅक्टेरियाही, सगळं सलाइनमधून गेलं तर आतडं उपाशीच राहतं. हे ऐकल्यावर ती रोज रडत रडत का होईना दोन दोन चमचे पेज घ्यायची. पेज, पातळ वरण, साबुदाण्याची खीर पाण्यातली. दोन चमच्यांना कमी समजू नका आणि भावाला त्यासाठी रागावू तर मुळीच नका, त्या दिवसांत घोट गिळायचा म्हणजे काय असतं ते आपल्याला कळत नाही.

बव्हेरियातला_अमोल

विजयकाकांचा स्वॅबचा मुद्दा एकदम बरोबर. बाहेरच्या पेपरमध्ये असं येतं की इमिपेनेम, पिपटाझसारखी जोरदार अँटिबायोटिक औषधं खोल राहणाऱ्या बॅक्टेरियाला जास्त मारतात आणि ती मिळालेल्यांमध्ये जीव्हीएचडीने मृत्यू जास्त दिसले (२०१६), म्हणून शक्य तिथे दुसरी वापरावीत. पण भारतात बऱ्याच पेशंटच्या आतड्यात आधीच असे जंतू असतात की साध्या अँटिबायोटिकने ते मरतच नाहीत. तिथे ताप आल्यावर जोरदार औषध द्यायला उशीर केला तर माणूस त्याच रात्री जाऊ शकतो. त्यामुळे बॅक्टेरिया वाचवायचे म्हणून डॉक्टरांना मेरोपेनेम (असंच जोरदार अँटिबायोटिक) देऊ नका असं कुणीही सांगू नये. विचारायचं ते एवढंच की कल्चर निगेटिव्ह आलं, ताप उतरला तर औषध कमी किंवा बंद कधी करता येईल. हा प्रश्न विचारलेला चांगल्या डॉक्टरला आवडतो.

नगरची_सुजाता

सोमवारी कौन्सेलिंग आहे. स्वॅब, राइल्स ट्यूब आणि अँटिबायोटिक कधी थांबवणार, तिन्ही लिहून घेतलं. आईला सगळं वाचून दाखवलं. पुडीचं पटलं, शिळ्या भाताचं पटलं. दही परत कधी सुरू करता येईल एवढं विचार म्हणतेय.

पल्लवी_डाएट

त्याची तारीख कुणी आधी सांगू शकत नाही. साधारणपणे सेंट्रल लाइन निघाली, काउंट्स टिकले, इम्युनोसप्रेशनच्या (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या) गोळ्या कमी झाल्या आणि पोटाचा जीव्हीएचडी नसला की युनिट हळूहळू मोकळीक देतं, तीही बहुतेक वेळा आधी पाश्चराइज्ड पॅकबंद दह्यापासून. सोमवारच्या यादीत हा चौथा प्रश्न लिहा आणि कौन्सेलिंगला आईंनाही घेऊन जा, स्वयंपाक त्याच करणार आहेत ना.